सखुबाईच्या फोनमधले चार निरोप

७ जानेवारी २०२५, मंगळवार

अंगणवाडीची खोली मिळाली! मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते चार. लेकरं घरी गेली की आम्ही म्हातारे. आज सात जण आले. फोन सगळ्यांकडे आहे, पोरांनी वापरून दिलेला. पण वाजला की उचलायचा आणि बोलून झालं की पोरांच्या हातात द्यायचा, एवढंच माहीत.

बोटं चालत नाहीत. जन्मभर हळद आणि माती. कातडी इतकी सुकलेली की काचेला कळतच नाही कुणी हात लावला. तातेराव तर दाबून दाबून फोन फोडायच्या बेतात होते. मी म्हटलं, नाडी बघतात तसं बोट टेकवा. बत्तीस वर्षं उपकेंद्रात तेच केलं, दुसरं काय शिकवणार? ओल्या फडक्यावर बोट टेकवून मग काचेवर — असं जमलं सगळ्यांना.

निघताना सगळ्यांना बजावलं: आपला फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. लेकाच्यासुद्धा.

१० जानेवारी

नऊ जण. सखुबाई नवी. शेवटी, भिंतीला टेकून बसली. शिवकन्येची आई. तिला बघून मला काही सुचेना.

१४ जानेवारी, संक्रांत

वर्ग नव्हता, पण सखुबाई तिळगूळ घेऊन आली. वर्गात काय काय शिकवणार ते विचारत होती. फोन करणं, फोटो काढणं, दवाखान्याचा नंबर काढणं, व्हॉट्सॲप, असं सांगितलं. ती म्हणाली, बाकीचं राहू द्या, व्हॉट्सॲप नीट शिकवा.

कुणाशी बोलणार, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. तिला एक पोरगा आणि एक लेक. पोरगा रामप्रसाद तिच्याच घरात आहे. लेक आता नाही.

१७ जानेवारी

शिवकन्येबद्दल लिहूनच टाकते, डोक्यातून जात नाही.

अठ्ठ्याण्णव साली उपकेंद्रात माझ्याच हातावर झाली. पायाळू. फार वेळ रडली नव्हती, मी तळव्याला टिचक्या मारून रडवली. मोठी झाली तरी मला नर्समावशी म्हणायची. एकोणीस साली लग्न झालं, औंढ्याच्या पलीकडं. साटंलोटं — तिकडची कोमल रामप्रसादला केली आणि इकडची शिवकन्या कोमलच्या भावाला, जगनला दिली. चार वर्षं मूल नव्हतं. दोनदा माझ्याकडं आली होती विचारायला. मी म्हटलं, आधी नवऱ्याची तपासणी करा. ती हसली. ते तपासून घेतात व्हय मावशी, म्हणाली.

तेवीसच्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या दोन दिवस आधी विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला म्हणे. पोलिसांत तसंच नोंदलं गेलं. मी मातीला गेले होते. गुंडाळून आणलेली होती, फक्त तोंड उघडं. नर्स होते मी. काहीतरी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही.

२१ जानेवारी

वर्गातल्या जळबानं भावाला फोटो पाठवला. पाठवला तो स्वतःच्या पायाचा. तरी सगळे खूश.

२८ जानेवारी

सखुबाई चांगली शिकून राहिली. अक्षरओळख नाही, पण खुणा पक्क्या लक्षात ठेवते. हिरवं म्हणजे हे, बाण म्हणजे ते. आवाज रेकॉर्ड करून मला पाठवला: 'सिस्टर, मी सखुबाई बोलते.' एवढंच. तीनदा.

तिचा फोन सारखा सांगतो, जागा भरली. सकाळच्या फुलांच्या आणि देवांच्या फोटोंनी भरलाय, कोण कोण पाठवत असतं. ती म्हणाली, सिस्टर, घरी घेऊन जा आन् नीट करून द्या, मला भेव वाटतं काही जाईल म्हणून. घेऊन आले.

२९ जानेवारी

सकाळी अंगणात बसून तिचा फोन साफ करत होते. फुलं पुसली, देव पुसले. खाली खाली जाता जाता शिवकन्येचं नाव आलं. फोटोत पिवळी साडी नेसलेली.

खाली चार आवाजाचे मेसेज. १७ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा ते सात.

उघडायला नको होते. उघडले.

पहिल्यात साधंच. आई जेवलीस का, दादा पंचमीला न्यायला कधी येणार. पण आवाज दाबलेला, भिंतीआडून बोलल्यासारखा. दुसऱ्यात म्हणते, हे लोक दुसरी करायची म्हणून राहिले, मला म्हणतात तू वाटेतून बाजूला हो. सासऱ्याचं नाव घेते, जगनचं घेते. कालपासून जेवायला दिलं नाही. तिसऱ्यात शब्द थोडे. दार वाजतंय, कुणीतरी बाहेरून ओरडतंय, ती रडतेय. चौथा अकरा सेकंदांचा.

'आई, दादाला पाठीव. पंचमीची वाट बघू नको. आजच पाठीव.'

पुन्हा ऐकले चारही. चहा तसाच राहिला.

३० जानेवारी

आणखी एक. मेसेजच्या बाजूला माईकची खूण असते. ऐकला नसेल तर ती वेगळी दिसते, ऐकला की निळी होते. काल उघडताना बघितलं नव्हतं असं वाटलं, पण बघितलं होतं. चारही आधीच निळे होते. माझ्याआधी कुणीतरी ऐकलेत.

सखुबाईला तेव्हा फोन उचलण्यापलीकडं काही येत नव्हतं. फोन असायचा रामप्रसादच्या हातात.

म्हणजे भावानं ऐकलं. आणि गेला नाही.

३१ जानेवारी

फोन परत दिला. जागा झाली, म्हटलं. ती म्हणाली, सगळं बराबर हाय ना आत? हो म्हटलं. तिच्याकडं बघवलं नाही.

४ फेब्रुवारी

वर्गात पुढं पाठवणं शिकवायचं ठरवलं होतं. नाही शिकवलं. फोटो काढणंच पुन्हा घेतलं. तातेराव म्हणाले, हे तर झालं सिस्टर. म्हटलं, पक्कं होऊ द्या.

खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. ती जितकं शिकेल तितकी त्या मेसेजजवळ जाईल. आणि शिकवणारी मीच.

११ फेब्रुवारी

रामप्रसादला भेटले. शेतात हळद शिजवणं चालू होतं, वाफेनं समोरचा माणूस दिसेना. त्याला बाजूला बोलावलं. सरळ विचारलं, शिवकन्येचे मेसेज तू ऐकले होतेस?

तो हातातलं फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, व्हय. सोयाबीनवर फवारणी चालू होती, कोमलला सातवा महिना. तिकडं जाऊन भांडण केलं असतं तर कोमलला इकडं सुख लागलं नसतं, लेकराचं काय झालं असतं. चार दिवसांवर पंचमी होती, तवा आणायचीच होती. असं होईल हे कुणाला ठाऊक होतं मावशी.

मी म्हटलं, तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही ना?

त्यानं माझ्याकडं बघितलं. जरा थांबला. मग मान हलवली.

'न्हाई. आईला न्हाई माहीत. तिला कळलं की ती जगायची न्हाई, मावशी. तुमी ते काढून टाका. तुमच्याच हातानं काढा, तिचा तुमच्यावर भरवसा हाय.'

मी म्हटलं, हे पोलिसांकडं जायला पाहिजे. तो रडायला लागला. घर मोडेल म्हणाला. कोमल जाईल, दीड वर्षाचं पोरगं जाईल, आई हाय खाईल. गेलेली तर येत नाही.

परत आले. अंगाला हळदीचा वास आहे अजून.

१४ फेब्रुवारी

सखुबाई आज स्वतःहून फोटो उघडून दाखवत होती. बोट कसं सरसर चालतं तिचं. यादीत खाली खाली जाते.

१८ फेब्रुवारी

नर्स असताना किती वेळा खोटं बोलले! पोटातलं लेकरू आधीच गेलेलं असायचं आणि आईला सांगायचं, दम धर, सगळं ठीक होईल. गाठ आहे हे नवऱ्याला कळलेलं आणि बाईला म्हणायचं, साधी सूज आहे. कुणी त्याला वाईट म्हटलं नाही. उलट पाया पडायच्या. दोन दिवस तरी शांत झोपायच्या त्या.

मग हे वेगळं कसं?

वेगळं आहे हेही कळतं.

२१ फेब्रुवारी

जेवण जात नाही. अकरा सेकंद कानात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळं गाव औंढ्याला गेलं. मी घरीच. कोमल लेकराला कडेवर घेऊन बस धरायला निघाली होती, माहेरी जाऊन मग दर्शनाला. वाटेत मला बघून थांबली. पोरगं माझ्याकडं झेपावलं. गोड आहे. हनुवटी शिवकन्येसारखी — आत्याची. कोमल म्हणाली, मावशी, सासूबाईंना फोन चांगला यायला लागला, आता घरात कुणाला हात लावू देत न्हाईत.

ही पोरगी काय चुकली? तिला कदाचित काहीच माहीत नसेल. किंवा सगळं माहीत असेल. मला कळत नाही.

२८ फेब्रुवारी

सगळ्यांनी लकडा लावला म्हणून पुढं पाठवणं शिकवलं. मेसेजवर बोट दाबून धरायचं, वर बाण येतो, तो दाबायचा, ज्याला पाठवायचं त्याचं नाव. सखुबाईनं सात वेळा करून बघितलं. मला सगळ्यात आधी तिचंच जमलेलं दिसलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मला वाटलं आता आठवडाभरात सापडणार तिला.

४ मार्च, मंगळवार

केलं.

वर्ग सुटल्यावर सखुबाई मागं थांबली. फोन पुन्हा भरलाय म्हणाली. मी हातात घेतला. ती माझ्या शेजारी बसली होती, खांद्याला खांदा. बाहेर तातेराव चप्पल शोधत होते. मी फुलांचे फोटो पुसत गेले आणि त्यात ते चार धरले. हटवायचं का, असं फोन विचारतो. हो म्हटलं.

पंधरा सेकंद लागले असतील. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, काचेकडं नाही. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. त्याचाच फायदा घेतला.

घरी येऊन हात धुतले. दोनदा.

५ मार्च

बरं केलं. तिच्या वाट्याचं मी सोसेन. माझं वय झालं, सवय आहे.

७ मार्च

सखुबाई आली नाही.

११ मार्च

आजही नाही. जळबा म्हणाला, घरातच असते, फोन घेऊन बसलेली असते, जेवतसुद्धा नाही म्हणे. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

रामप्रसाद रस्त्यात भेटला. काही विचारलं नाही, पण मी मान हलवली. त्यानं हात जोडले. मी भरभर पुढं निघाले.

१४ मार्च

धुळवड. दार लावून बसले.

१८ मार्च, मंगळवार

सखुबाई सकाळीच घरी आली. वर्गाची वाट बघितली नाही. उंबऱ्यावरच बसली, आत या म्हटलं तर येईना. डोळे खोल गेलेत. पदराखालून फोन काढून माझ्यापुढं धरला.

'सिस्टर, माझ्या लेकीचं बोललेलं गेलं. बघा ना कुठं गेलं.'

मी फोन घेतला नाही. कशाचं बोललेलं, एवढंच विचारलं.

मग ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. बोलताना रडली नाही. जसं सांगितलं तसं लिहिते.

शिवकन्या शेवटची माहेरी आली होती तेव्हा तिनंच आईला शिकवलं होतं. तिकडं फोनवर बोलू देत नाहीत, मी आवाज पाठवीन, तू फक्त हे तिकोन दाबायचं. तेवढंच शिकवलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी सखुबाईनंच ते चार ऐकले. त्याच वेळी, चुलीपाशी बसून. लगेच रामप्रसादला ऐकवले. आजच जा म्हणाली. तो म्हणाला, पंचमीला जाऊ. ती म्हणाली, मग मी जाते. तो म्हणाला, तू गेलीस तर तमाशा होईल. सकाळी पहिली यष्टी होती. ती गेली नाही.

'मी काहून गेले न्हाई, सिस्टर? यष्टी दारावरून जाती.'

तेव्हापासून रोज ऐकायची. कोमल पाण्याला गेली की ऐकायची. कुणाला सांगितलं नाही, कारण कोमल घरात आणि गाव बाहेर. मग हिंगोलीच्या एका वकीलबाईचं नाव तिला कुठून तरी कळलं. दिवाळीनंतर एकटी जाऊन भेटून आली, नातेवाइकाला बघायला जाते असं घरी सांगून. फोन त्या दिवशी रामप्रसादकडं राहिला, आणि पुन्हा जायला निमित्त नव्हतं. वकीलबाई म्हणाली, ते मेसेज असतील तर केस पुन्हा उघडता येईल, पण फोन हरवला, फुटला, पोरानं काढून घेतला तर काहीच राहणार नाही. तेवढे मला पाठवून ठेवा. कसं पाठवायचं हे कुणाला विचारणार? पोराला? सुनेला?

म्हणून ती वर्गाला आली. पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच. फोटो नको, दवाखान्याचा नंबर नको. पुढं कसं पाठवायचं, एवढंच.

शिकल्यावर, कोमल अजून माहेरीच होती तेव्हा पाठवणार होती, पण रामप्रसाद घरातून हलला नाही. नंतर पाचला सकाळी एकटी सापडली आणि फोन उघडला. लेकीच्या नावाखाली काही नाही.

तेरा दिवस शोधत होती.

'माझंच बोट कुठं तरी लागलं असंल. दीड वर्स सांभाळलं आन् शिकायला गेले तवा घालवलं. शिकायलाच नको होतं.'

मी बसले होते. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं — बघते काही करता येतं का.

बघते! मी!

१९ मार्च

आज सकाळी वसमतला एका मोबाइलवाल्याला विचारून आले. कुणाचा फोन आहे ते सांगितलं नाही. परत येत नाही म्हणाला. नंतर म्हणाला, कधी कधी येतं, पण आधी कॉपी ठेवलेली असेल तरच.

रामप्रसाद त्या दिवशी वाफेत माझ्याकडं बघून थांबला होता. त्याला माहीत होतं आईनं ऐकलंय. मीच त्याच्या तोंडात खोटं घातलं, त्यानं ते फक्त उचललं.

आणि मी तर एकदाही तिला विचारलं नाही. सखुबाई, तुम्हाला काय माहीत आहे, इतकं साधं. पेशंटला काय कळतं, हे मीच ठरवत आले. बत्तीस वर्षं.

२० मार्च

तिनं मला काल आणि आज मिळून आठ वेळा आवाजाचे मेसेज पाठवले. सगळ्यात एकच. सिस्टर, सापडलं का.

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं. वर्ग सुटल्यावर, अंगणवाडीच्या पायरीवर. रामप्रसादचं, माझं, ४ तारखेचं. काही राखलं नाही.

सखुबाईनं फोन मांडीवर ठेवला. मग विचारलं, तुमी चारी ऐकले? हो म्हटलं. किती वेळा? दोनदा.

'मंग सोमवारी माझ्यासंगं हिंगोलीला चला. माझी लेक काय म्हनली ते वकीलबाईला सांगा. आन् कुनी पुसलं, कुनाच्या सांगन्यावरून, तेबी सांगा.'

हो म्हणाले. ती उठली, फोन पदरात बांधला आणि गेली. माझ्याकडं वळून बघितलं नाही.